आठ सेल आणि मांडवातलं घड्याळ

सापगावच्या अनंता फोटोवाल्यानं एका पेन्सिल सेलाच्या जोरावर लग्नाचा मुहूर्त चांगला चाळीस मिनिटं अडवून धरला, हे सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. न मानो. अनंता स्वतःच हा किस्सा सांगताना आधी म्हणतो, "आता ह्ये तुमाला खोटं वाटंल," आणि समोरच्यानं मान हलवायच्या आत पिशवीतून फोटोच काढून दाखवतो. फोटोला कोण खोटं म्हणणार? पण आपण सुरुवातीपासून घेऊ, म्हणजे बोंबलांपासून.

त्या साली अनंतानं रोलचा जुना कॅमेरा विकला आणि डिजिटल घेतला. रोल नको, धुणं नको, काढला फोटो की लगेच मागच्या काचेवर हजर. सापगावात चार दिवस माणसं स्वतःचं तोंड बघायला रांग लावून होती. पाचव्या दिवशी कळलं की ह्या कॅमेऱ्याला चार पेन्सिल सेल लागतात आणि तो ते हत्तीनं ऊस खावा तसे खातो. दुकानातले चार नवे सेल घालावेत, पंधरा फोटो व्हावेत आणि लाल दिवा लागावा.

"एका लग्नाला दोनशे फोटो काढायचे तर सेलांची गोणीच आणाया लागंल," अनंताची बायको अनिता म्हणाली. "त्यापरीस लोकांची चित्रं हातानं काढा."

अनिताला घाई होती, कारण तिच्या धाकट्या बहिणीचं, रंजिताचं लग्न तोंडावर आलं होतं. माहेर मुरबाडच्या अलीकडे. थोरल्या भावाच्या लग्नात स्टुडिओवाला बाहेरून बोलावला होता आणि त्यानं नेमका अंतरपाट खाली येताना रोल बदलायला घेतला. अनिताचे वडील धोंडी, त्यांनी तो राग सहा वर्षं जपून ठेवला होता. रंजिताच्या लग्नाचे फोटो कुणी काढायचे ही गोष्ट निघाली तेव्हा अनिता भर बैठकीत बोलून गेली, "आमचे ह्ये काढतील. डिजिटल हाय."

धोंडी जावयाकडे वळून म्हणाले होते, "जावयबापू, जेवणाचा काढू नका, पाठवणीचा काढू नका, माझापण काढू नका. अंतरपाट पडतो तो एक फोटो मला पायजे. तेवढा हुकला तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पण घरी परतताना अनितानं ते पुरं केलं, "तेवढा हुकला तर मी जल्मात म्हायेरी तोंड दाखवायची नाय. आन् तुमालापण दाखवू देयची नाय."

अनंता हसला. त्याला न जमणारी गोष्ट अजून जन्माला यायची होती.

तो शहापूरला शेखरच्या दुकानात गेला. एस्टी स्टँडजवळच्या ह्या दुकानात घड्याळं, टॉर्च, रिमोट असं सगळं मिळायचं. शेखरनं चकचकीत पाकीट पुढे टाकलं. "चार्जिंगचे सेल. चार सेल, वर चार्जर फुकट. एकशेवीस. वर विजेचा आकडा बघ, चार हजार सहाशे! कल्याणात पण नाय भेटणार."

"आन् ह्ये?" अनंतानं कोपऱ्यातल्या साध्या पाकिटाकडे बोट केलं.

"त्येपण चार्जिंगचेच, पन तीनशेला चार, चार्जर नाय. वर आकडा फक्त एकवीसशे. तुला कमी आकड्याला जास्त पैसे देयाचेत का?"

अनंता गालात हसला. कल्याणच्या एका फोटोवाल्यानं त्याला गुपित सांगून ठेवलं होतं: सेलावरचा आकडा वाचू नये, सेल तोलून बघावा. ज्यात माल आहे तो जड. शेखरच्या दुकानात तराजू कुठून असणार? पण समोरच बाजारात मैना सुकी मासळी घेऊन बसलेली होती. अनंतानं दोन्ही पाकिटांतले सेल उचलले आणि तडक मैनापुढे गेला.

"मैनाबाय, जरा तराजू दे."

"किती देऊ? बोंबील का सुकट?"

"सेल तोलायचेत."

मैनानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तोल बाबा. आता माणसं सेलाचं कालवण करायला लागली! पन वास लागला तर माझ्याकडं येयाचं नाय."

एका पारड्यात चार हजार सहाशेवाला, दुसऱ्यात एकवीसशेवाला. एकवीसशेवालं पारडं असं खाली बसलं की त्यातला बोंबलाचा चुरा उडाला. चार हजार सहाशेवाला सेल वर लोंबकळत राहिला.

"बग," अनंता म्हणाला, "आत भुसा हाय."

"नाव मोठं लक्षण खोटं," मैनानं निकाल दिला. "आमच्यातपण ओले बोंबील जड लागतात रे, पन त्यात पानीच असतं. तुज्या सेलात पानी नसंल कशावरून?"

पाण्याची शंका अनंताला नको होती. त्यानं दुकानातले साधे सेल एकेक करून तोलले, सगळ्यांत जड आठ निवडले. दोन संच, एक वापरात, एक राखीव. चार्जर घ्यायची वेळ आली तेव्हा शेखरनं पंखा असलेला, हिरव्या दिव्याचा चार्जर दाखवला, तासाभरात सेल भरणारा, किंमत सेलांच्या दुप्पट. अनंतानं तोही नाकारला आणि दीडशेचा साधा, चौदा तास घेणारा उचलला.

"तासाभराचा चार्जर सेल तळतो," तो शेखरला म्हणाला, "चौदा तासाचा शिजवतो. भात तळून खाल्ला कुनी?"

शेखरनं मुकाट्यानं पैसे मोजून घेतले. हुशारीनं केलेली खरेदी म्हणतात ती हीच. पण ह्या हुशारीला बोंबलाचा वास लागलेला होता, आणि सगळा घोळ त्या वासानं केला.

चौदा तास सलग वीज हवी, आणि त्या वर्षी भारनियमनाचा जोर असा की शुक्रवारी आख्खा दिवस अंधार आणि बाकीचे वार दिवसातून दोनदा. भात अर्धा शिजला की चूल विझायची. अनंतानं त्यावरही तोड काढली. गावाबाहेरच्या पोल्ट्रीत पिल्लांना ऊब म्हणून दिवे अखंड जळतात, वीज गेली तर जनरेटर लागतो. त्यानं चार्जर दोन दिवस तिथं, दीड हजार पिल्लांच्या मध्ये लावला. आठही सेल काठोकाठ भरले. पोल्ट्रीवाला म्हणाला, "तुजे सेल अंडी घालतील आता." त्या वासाची थोडी भरही पडली असावी, पण अनंताचं नाक आनंदानं बंद होतं. त्यानं दोन्ही संचांना रबर लावलं, वापरायच्याला लाल, राखीवला पिवळं, आणि बायको, वडील आणि कॅमेरा घेऊन एस्टीनं मुरबाडच्या वाटेला लागला.

हळदीच्या दिवशी लाल रबरवाल्या संचानं कमाल केली. एकशेअकरा फोटो! सासुरवाडीच्या बायका अनिताला म्हणाल्या, "तुजा दादला लय भारी गो!" अनिताची मान एक वीत उंच झाली. संच संपला, अनंतानं त्याला परत लाल रबर लावलं, भरलेल्या पिवळ्याशेजारी पिशवीत ठेवलं आणि निर्धास्त झोपला.

आता त्याच्या वडिलांचं, कोंडूंचं, एक तत्त्व होतं. सेल मरत नाही, थकतो. टॉर्चचा असो, रेडिओचा असो, थकलेला सेल तीन उन्हं खाल्ल्याशिवाय त्यांनी जन्मात टाकला नव्हता. सापगावच्या घरी पत्र्यावर एका बाजूला कुरडया आणि दुसऱ्या बाजूला सेल हे दृश्य बारमाही. लग्नाच्या दिवशी सकाळी ते तंबाखूची पुडी शोधायला पोराच्या पिशवीत हात घालतात तर आतून बोंबलाचा भपकारा! काढून बघतात तर आठ सेल.

"शुभकार्याच्या घरात बोंबलाचा वास," कोंडू पुटपुटले. "आन् ह्ये थकलेपण असतील." त्यांनी रबरं सोडली, कारण रबरात ऊन लागत नाही, आणि आठही सेल गोठ्याच्या पत्र्यावर ओळीनं मांडले. दोन तासांनी उलटे केले, पापड उलटतात तसे. मग चार-चारच्या जुड्या केल्या, एकीला लाल रबर, एकीला पिवळं, आणि जिथल्या तिथं ठेवून दिल्या. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम सांगून करायची त्यांना सवय नव्हती.

बाराच्या सुमारास नवऱ्याकडचे वाजतगाजत आले. नवऱ्याचे वडील गोजर पुढे, पांढरा सदरा, कपाळावर आठी. अनंतानं पिवळ्या रबराचे सेल कॅमेऱ्यात घातले. एक फोटो निघाला. दुसरा निघाला. लाल दिवा. त्यानं लाल रबराचे घातले. एक फोटो. लाल दिवा. त्यानं दोन्हीतले दोन-दोन घातले, अदलून घातले, उलटून घातले. लाल दिवा लागायचा तो लागलाच.

"बाबा," त्यानं जवळ उभ्या कोंडूंना विचारलं, "पिशवीला कुनी हात लावला का?"

"मी लावला. सेलांना ऊन दाखवलं. वास मारत व्हता."

"रबरं?"

"काढली, परत लावली. आठच्या आठ हायेत, मोजून घे."

अनंतानं एकदा आभाळाकडे पाहिलं. भरलेले चार, रिकामे चार, चेहरामोहरा सारखा, वास सारखा. आठांतून नेमके चार एकत्र यायचे तर संध्याकाळ झाली असती. गावच्या दुकानात टॉर्चचे जाडे सेल तेवढे होते. मुरबाडला माणूस पाठवावा तर मुहूर्त बारा पस्तीसचा.

पण अनंताला न जमणारी गोष्ट अजून जन्मालाच यायची होती. तो सरळ घरात शिरला. टीव्हीच्या रिमोटमधून दोन सेल. सासूबाई लहानी, त्यांच्या उशापाशी गजराचं घड्याळ असायचं, त्यातून एक. तीन झाले. चौथा काही मिळेना. तो मांडवात आला, आणि त्याला मधल्या खांबाला बांधलेलं घड्याळ दिसलं.

ह्या घड्याळाची गोष्ट वेगळी. मागे ह्याच गावात एका लग्नात अकरा मनगटांवर अकरा वेळा निघाल्या होत्या आणि मुहूर्त टळला म्हणून दोन्ही पक्षांनी अक्षता एकमेकांना मारल्या होत्या. तेव्हापासून रीत पडली: मुलीच्या बापानं मांडवात एक घड्याळ बांधायचं, त्यात नवा सेल घालायचा, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सकाळी रेडिओवर ते लावून घ्यायचं, आणि मग हातातली घड्याळं सदऱ्याच्या खिशात. मांडवाचं घड्याळ म्हणेल ती वेळ. नव्या सेलाचं घड्याळ! अनंतानं स्टूल ओढलं. फोटोवाला स्टुलावर चढला तर त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. सगळे नवऱ्यामुलाकडे बघत होते. बारा वाजून दहा मिनिटांनी सेल अनंताच्या मुठीत होता.

कॅमेरा डोळे उघडून जागा झाला. हिरवा दिवा! अनंता स्टुलावरून उतरला, दोन फोटो काढले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की घड्याळाचा सेकंदकाटा जागीच थांबला आहे.

सेल कॅमेऱ्यात ठेवला तर मुहूर्त होत नाही. सेल घड्याळात ठेवला तर फोटो होत नाही. पिशवीतल्या आठांवर आता भरवसा नव्हता. म्हणजे काटे बोटानंच पुढे ढकलायला हवेत. सोपं होतं. तो स्टुलाकडे वळला, आणि स्टुलावर गोजरपाव्हणे बसलेले.

"बरी वाऱ्याची जागा हाय," ते म्हणाले. वर पंखा होता.

"पाव्हनं, खुर्ची आनू का?"

"नको. स्टूलच बरं. कंबर ताठ ऱ्हाते."

एव्हाना दुसरीकडे घोळ उठला होता. मुलीचे मामा जैतू, ज्यांनी तिला हात धरून बोहल्यावर आणायचं, ते कल्याणहून जीपनं निघालेले आणि पोचलेच नव्हते. निरोप आला की जीपचं चाक बसलं आहे. धोंडींना घाम फुटला. त्यांनी हळूच गोजरांच्या कानाशी बोलून बघितलं.

"मुहूर्त टळला तर नवरा परत नेईन," गोजर म्हणाले. "आमच्यात मुहूर्त म्हंजे मुहूर्त. घड्याळ तुमीच बांधलंय."

धोंडींनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी घड्याळाकडे.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत," भटजी म्हणाले.

बायकांनी दोन गाणी म्हटली. नवऱ्याच्या मुंडावळ्या तीनदा सरळ केल्या. पोरं रडली, थकली, झोपली.

"आता किती, भटजीबुवा?"

"अजून पंचवीस मिनिटं."

"आज येळ सरता सरत नाय," एक म्हातारी म्हणाली.

"उन्हाचे दिस मोठेच असतात, आजे," अनंता म्हणाला आणि गोजरांना पाणी देऊन बघितलं, सरबत देऊन बघितलं, बाहेर उभे राहा, तुमचा एक फोटो काढतो म्हणून बघितलं. गोजर उठले नाहीत. घड्याळ त्यांच्या बरोबर डोक्यावर, त्यांना ते दिसतही नव्हतं. धोंडी मात्र दर थोड्या वेळानं वर बघायचे आणि हात जोडायचे. वेळ त्यांच्यावर कृपा करत होती, ते कशाला शंका काढतात!

शेवटी बाहेर हॉर्न वाजला. "मामा आले! मामा आले!" सगळा मांडव दाराकडे धावला. धावण्याच्या लोंढ्यात गोजरही उठले. अनंतानं झेप घेतली, स्टुलावर चढला आणि एका बोटानं पंचवीस मिनिटं पुढे सारली. भटजींनी वळून घड्याळ पाहिलं आणि दचकले.

"अहो, चला! बारा पस्तीस! मुलीला आणा, सावधान!"

मामांनी रंजिताला आणलं, मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट खाली आला. त्याच क्षणाला, आधी नाही आणि नंतर नाही, अनंतानं बटण दाबलं. रंजिताची पापणी अर्धी वर, अक्षतांचे दाणे हवेत, मागे खांबावर घड्याळ, बारा पस्तीस. असा फोटो मुरबाड तालुक्यात झाला नाही. पुढे कुणीतरी मोटारसायकलवर मुरबाडहून सेल आणून दिले आणि जेवणाचे, आहेराचे, पाठवणीचे फोटोही झकास निघाले. फक्त ह्या धांदलीत घेतलेले सेल जिथले तिथं परत ठेवायचं राहून गेलं.

आठ दिवसांनी नवी जोडी पाहुणचाराला आली, सोबत गोजर. अनंता अल्बम घेऊन हजर. अंतरपाटाचा फोटो बघून धोंडींनी डोळे पुसले. अनिता भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. गोजर बोटाला थुंकी लावून पानं उलटत होते. एकाएकी त्यांचं बोट थांबलं.

"अक्षता बारा पस्तीसला. बराबर. जेवणाची पंगत... बारा पस्तीस?" त्यांनी पुढचं पान उलटलं. "पाठवणी. सावल्या बगा किती लांब, आन् घड्याळात बारा पस्तीस! धोंडीबा, घड्याळ बंद व्हतं! मंग आमचा मुहूर्त खराच झाला का नाय?"

रंजितानं पदर तोंडाला लावला. अनिताची हाताची घडी सुटली. धोंडी एकदा अल्बमकडे, एकदा जावयाकडे बघू लागले.

अनंतानं मांडी सावरली. खोटं बोलताना आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो, हे त्याला जन्मजात येत होतं.

"पाव्हनं, आता ह्ये तुमाला खोटं वाटंल," तो हळू आवाजात म्हणाला. "पन घड्याळ बंद पडलं नव्हतं. मी बंद केलं. मामा येत नाय हे मी वळखलं. मामांशिवाय पोर बोहल्यावर गेली असती तर ह्या घराला आन् तुमच्यापण घराला बोल लागला असता. मंग मुहूर्त जाऊन चालंल? मनात म्हटलं, अनंता, मुहूर्तालाच थांबव! फोटोची फिकीर केली नाय, माझ्या कॅमेऱ्यात सेल व्हतेच. फक्त मामांसाठी, ह्या पोरीसाठी, ह्या हातानं सेल काढला. शास्त्रात तसं आहेच, मांडवाचं घड्याळ चालंल तेव्हाच येळ चालते. थांबलं तर येळ थांबली."

गोजरांनी बोटांवर हिशेब मांडला. मामा उशिरा आले होते, हे तर खरं. मांडवाच्या घड्याळाचा नियम त्यांनीच उचलून धरला होता, तेही खरं. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी उलगडली.

"शाब्बास," ते म्हणाले. "जावय असावा तर असा."

धोंडींनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. जैतूमामा असते तर पाया पडले असते. अनिताची मान हळदीच्या दिवशीपेक्षाही वीतभर उंच गेली. अनंतानं नम्रपणे खाली बघितलं, जसं थोर माणसं बघतात.

चहाचे कप घेऊन आत येत असलेल्या सासूबाई लहानी उंबऱ्यातच थांबल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले, फळीवरून टीव्हीचा रिमोट काढला आणि त्याचं मागचं झाकण उघडून जावयापुढे धरला. आत मोकळं.

"घड्याळ मामासाठी थांबवलंत, लय बरं केलंत, जावयबापू. आठ दिस मी ह्यो रिमोट आपटून आपटून माझी बोटं सुजली. ह्याच्यातले दोन आन् माझ्या गजराच्या घड्याळातला एक, ते कुनाचा मामा येयाचा व्हता म्हनून काढलेत?"